डोळ्यांत तेल

१.
चुरचुर दुपारी चारनंतर सुरू होते. रविवारी होत नाही.

२.
डॉक्टरांनी खालची पापणी जरा ओढून नारिंगी टोकाची कागदी पट्टी टेकवली. "मिटा. उघडा. आता लववू नका." निळ्या उजेडात डोळ्यावरचा अश्रूंचा थर हिरवागार चमकतो. तो निदान दहा सेकंद अखंड राहायला हवा. माझा चौथ्या सेकंदाला फाटला. हिरव्यात पडलेले काळे डाग त्यांनी मला फोटोत दाखवले. म्हणाल्या, "पाणी भरपूर आहे. तेल कमी पडतंय."

३.
पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथींची रांग असते, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. पापणी पूर्ण मिटली की त्यातलं तेल अश्रूंवर पसरतं आणि ते लवकर वाळत नाहीत. एरवी मिनिटाला पंधरा-वीसदा पापणी लवते. पडद्यापुढे ते प्रमाण निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही खाली. आणि लवते तीही अर्धीच. अर्ध्या मिटण्याने तेल नीट सुटत नाही.

४.
आजी म्हणायची, काम कसं डोळ्यांत तेल घालून करावं.

५.
मॉनिटरखाली रचलेली दोन जाड पुस्तकं काढली. नजर खाली राहिली की डोळा कमी उघडा राहतो, तेवढाच कमी वाळतो. एसीचा झोत थेट तोंडावर येत होता, म्हणून खुर्चीही सरकवली. जुने बंगळूरकर सांगतात, पूर्वी इथे घरात पंखाही लागत नसे.

६.
चष्म्याच्या दुकानदाराने निळा प्रकाश अडवणारी काच सुचवली, बाराशे रुपये जास्त. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने अशा काचांच्या सतरा चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत या काचेने डोळ्यांचा ताण कमी होतो, असं त्यांना दिसलं नाही. ते पैसे वाचवावेत.

७.
कन्नडमध्ये चष्म्याला कन्नडक म्हणतात. आपण म्हणतो चाळिशी. शेजारच्या खुर्चीवर सातेक वर्षांची मुलगी फ्रेम निवडत होती.

८.
तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर न्यायचं ठरवलं. दिवसाच्या उजेडात वावरणाऱ्या मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा धोका कमी असतो. आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर पाटी आहे: खेळण्यास मनाई. पुढच्या सभेत ती काढायला सांगणार आहे.

९.
२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेले. नारायण नेत्रालयात त्यांच्या दोन पारपटलांचे पदर वेगळे करून चार जणांना बसवले. त्यांच्या वडिलांचे डोळेही २००६ साली दान केले होते.

१०.
दर वीस मिनिटांनी, वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहायचं. लांब पाहताना डोळ्यातला स्नायू सैल पडतो. माझ्या खुर्चीपासून भिंत नऊ फुटांवर आहे. खिडकीबाहेर लगेच दुसरी इमारत. वीस फूट मिळावेत म्हणून जिन्यापर्यंत जातो.

११.
शनिवारी लालबागेतल्या खडकावर. सुमारे तीनशे कोटी वर्षांचा दगड, वर केंपेगौडांचा मनोरा. खाली झाडांचे शेंडे, त्यामागे इमारती, त्यामागे नुसती धूसर रेघ. तिथे सेकंद मोजायचे राहून गेले.

१२.
गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिटलेल्या पापण्यांवर, रोज दहा मिनिटं. मग कडेकडेने हलकं बोट.

१३.
दोन महिन्यांनी पुन्हा तीच नारिंगी पट्टी. सात सेकंद.