एरंडोलला आभाळ कसं आहे?

नकाशावर पट्टी ठेवली तर धुळे, पारोळा, एरंडोल आणि जळगाव ही चार गावं जवळजवळ एकाच आडव्या रेघेवर येतात, एकविसाव्या अक्षांशाच्या आसपास. एसटीनं जुन्या सहा नंबरच्या हायवेवरून जाताना हे लक्षात येत नाही. रस्ता वळतो, टपऱ्या येतात, अंजनी नदीचा पूल येतो. वरून जाणाऱ्याला मात्र ही रेघ सरळ दिसते. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरून निघालेलं शिकाऊ विमान अर्ध्या तासात जळगावच्या विमानतळावर पोचतं. शेवटची दहा मिनिटं उरतात तेव्हा त्याच्या पंखाखाली एरंडोल असतं. त्या दहा मिनिटांत पुढे काय वाढून ठेवलंय, हे खालून सांगू शकणारी माणसं म्हणजे आम्ही.

आपल्या खानदेशात माणसं विमान चालवायला शिकतात, याचं मला अजून अप्रूप आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १९२९च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या नावावर झाला. मुंबईचं आभाळ गजबजलं तशी त्या क्लबची शिकाऊ विमानं धुळ्याला आली. शिरपूरला अकादमी उभी राहिली. जळगावला २०१२ साली विमानतळाचं उद्घाटन करायला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती म्हणून आल्या, आणि पुढे तिथेही वैमानिकांची शाळा निघाली. वर्षातले आठ महिने कोरडं, मोकळं आभाळ, खाली तापी आणि गिरणेच्या ठळक खुणा, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. शिकणाऱ्याला वाट चुकू न देणारा असा मुलूख दुसरीकडे सहज मिळणार नाही.

माझी भाची यातल्याच एका धावपट्टीवर शिकली. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यातला मोठा भाग एकट्यानं करायचा असतो. निघण्याआधी हवामान खात्याचा अहवाल वाचायचा: वारा कुठला आणि किती, किती लांबचं दिसतंय, आभाळाचे आठ भाग मानले तर त्यातले किती ढगांनी व्यापलेत, तापमान, दवबिंदू. डोळ्यांनी वाट बघत उडणाऱ्याला निदान पाच किलोमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसायला हवं आणि ढगांपासून ठरलेलं अंतर राखायला हवं. हे सगळं झालं की मग ही शिकणारी मुलं मोबाइल उघडायची. शिरपूरच्या मुलानं उत्तरेचा फोटो टाकलेला असे, जळगावहून नुकत्याच उतरलेल्या मुलीनं तिथल्या ढगांचा. अहवाल असतो विमानतळाचा, आणि उडायचं असतं दोन विमानतळांच्या मधल्या आभाळातून. त्या मधल्या जागेसाठी मला निरोप यायचा: ‘मामा, एरंडोलला आभाळ कसं आहे?’

मी गच्चीवर जायचो. आभाळाचा फोटो काढणं सोपं वाटतं. पण ज्याच्या भरवशावर कुणी विमानात बसणार आहे, असा फोटो काढायचा तर ते एक शिस्तीचं काम आहे, आणि ती शिस्त मला या पोरीनं शिकवली. फोटो कुठून काढला, किती वाजता, तोंड कुठल्या दिशेला, हे तिन्ही लिहायचंच. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की त्याच्या पोटात नोंदलेली वेळ आणि जागा गळून पडते. पुढे पाठवत गेलं की मागच्या मे महिन्यातली गारपीट आजची होते आणि दुसऱ्याच जिल्ह्यातलं वादळ पारोळ्याचं होतं. शिवाय फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनानं फोटो सुधारतो. काळोखा ढग उजळतो, धुळीचा पडदा पुसून टाकतो, आणि रुंद भिंग लावलं तर डोक्यावर आलेला ढग दूर शिवारापलीकडे नेऊन ठेवतो. म्हणून तिचं सांगणं असे की रंग सुधारू नका, झूम करू नका, आणि चौकटीत खालची एखादी ओळखीची वस्तू येऊ द्या. आणि एक फोटो नको, दोन हवेत: दहा मिनिटांच्या अंतरानं, त्याच जागेवरून, त्याच चौकटीचे.

या दोन फोटोंचं महत्त्व मला फार उशिरा उमगलं. वैशाखात दुपारी तीनच्या सुमारास एखादा ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगायला लागतो. सुटा गडगडाटी ढग जन्मतो, वाढतो, कोसळतो आणि विरतो, हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात. धुळ्याहून जळगावला जायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे निघताना पाहिलेल्या फोटोतला ढग पोचेपर्यंत संपलेला असेल, किंवा त्याच्या जागी तिप्पट मोठा उभा असेल. एका फोटोवरून हे कळायला मार्ग नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की ढग कुठल्या वयात आहे ते दिसतं. ढग कोसळताना त्यातून सुटलेला गार वारा जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो, आणि पाऊस यायच्या कितीतरी आधी धुळीची भिंत पुढे येते. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात त्या याच वाऱ्यानं, आणि उतरत्या विमानाला सगळ्यात जास्त भीती असते तीही याचीच.

ढगाची उंचीही फोटोत दिसत नाही. ती मोजायचं एक साधं गणित तिनं मला सांगितलं, आणि तेव्हापासून मी ऋतूंकडे वेगळ्या नजरेनं बघतो. तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशाच्या फरकाला सुमारे १२५ मीटर धरायचे. मे महिन्यात पारा ४२वर आणि दवबिंदू १२वर असेल तर ढगाचा तळ पावणेचार किलोमीटर उंच असतो. विमान त्याच्या खालून खुशाल जातं, फक्त उन्हानं उकळणाऱ्या हवेत धक्के खात. जुलैत २८ आणि २४ असं असेल तर तोच तळ अर्ध्या किलोमीटरवर आलेला असतो, आणि सातपुड्याचे माथे त्यात बुडालेले असतात. पावसाळ्यात आभाळ खाली उतरतं असं आपण म्हणतो, ते किती खाली, हे या गणितानं कळतं.

सगळ्यात फसवं म्हणजे धुकं. पौष-माघात रात्री आभाळ निरभ्र असतं, जमिनीची ऊब निघून जाते, भिजवलेल्या रानांवर आणि नदीकाठानं धुई साचते. हरभऱ्याच्या फुलांवर तिचा काय परिणाम होतो ते शेतकरी जाणतोच. सकाळी गच्चीवरून मान वर केली तर निळं आभाळ दिसतं. तसा फोटो पाठवला की पाहणारा म्हणेल, वा, स्वच्छ आहे. वैमानिकालाही वरून थेट खाली पाहताना धुक्याच्या पातळ थरातून घरं, झाडं, धावपट्टी सगळं दिसतं. पण उतरताना नजर तिरपी जाते. तीच पातळ धुई आता लांबीत ओलांडायची असते, आणि समोर नुसतं पांढरं उरतं. म्हणून धुक्याच्या दिवसांत मान वर करायची नाही. फोन आडवा, समोर धरायचा आणि सांगायचं की पाण्याची टाकी दिसते, पलीकडचा टॉवर दिसत नाही. टाकी किती लांब आणि टॉवर किती लांब हे माहीत असलं की आपण दृश्यता मोजलेली असते. विमानतळावरचा निरीक्षकही ठरलेल्या अंतरावरच्या खुणा पाहूनच ती ठरवत आलाय.

कुणी म्हणेल, उपग्रह आहेत, रडार आहेत, मग गच्चीवरच्या माणसाची काय गरज? मला मात्र ती पटते. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. अडीचशे किलोमीटर दूर पोचेपर्यंत सगळ्यात खालचा किरणही जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर वर गेलेला असतो. मुंबई इथून सरळ रेषेत सव्वातीनशेच्या पुढे आहे. तिथल्या रडारला आमच्या ढगाचा माथा तेवढा दिसणार. ढगाच्या पायथ्याशी काय चाललंय, धूळ उठलीय की सर कोसळतेय, हे इथे उभ्या असलेल्यालाच दिसतं.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला आले, तेव्हा त्या छोट्याशा पुस मॉथमध्ये रेडिओसुद्धा नव्हता. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखलात जायची म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पुढचं आभाळ कसं आहे हे आभाळात शिरल्यावरच कळायचं. त्या माणसांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण अशा धैर्याची गरज आज कुठल्याही विद्यार्थ्याला पडू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

अलास्कात डोंगरांच्या खिंडीतून छोटी विमानं उडतात. तिथे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानं १९९९पासून हवामानाचे कॅमेरे बसवत नेले. दर दहा मिनिटांनी नवा फोटो. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की आजच्या फोटोशेजारी त्याच जागेचा निरभ्र दिवसाचा फोटो ठेवलेला असतो आणि त्यावर प्रत्येक शिखराचं अंतर लिहिलेलं असतं. आज कुठलं शिखर दिसत नाही, हे एका नजरेत कळतं. हवामानामुळे होणारे तिथले अपघात या कॅमेऱ्यांनंतर खूप घटले.

आमच्याकडे तसे कॅमेरे नाहीत, पण फोन घरोघर आहेत, आणि आभाळाचे फोटो इथे वैमानिकांच्या आधीपासून फिरतात. कापूस वेचणीला आला की पारोळ्याचा मित्र आमच्या ग्रुपवर पश्चिमेचा फोटो पाठवतो, खाली लिहितो, ‘आभाय भरी उनं.’ कासोद्याहून लगेच विचारणा होते, ‘पानी ई का?’ बायका वेचणीला लावायच्या की वेचलेला माल आधी घरात घ्यायचा, हे त्या फोटोवर ठरतं. भिजलेल्या कापसाला भाव मिळत नाही. मी भाचीला पाठवलेले फोटो याही ग्रुपवर टाकू लागलो, दिशा आणि वेळ लिहून. आता इतरही तसं लिहितात. विमानाच्या शाळेतली शिस्त शिवारात आली, याचा मला खराखुरा आनंद आहे.

वरच्यांचं आणि खालच्यांचं नातं इथे पूर्वीच जडलंय. २०२१च्या जुलैत चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक दगावले, शिकणारी मुलगी जखमी झाली. रस्ता नव्हता, पाऊस होता. पहिल्यांदा पोचली ती तिथली आदिवासी माणसं, आणि एका बाईच्या लुगड्याची झोळी करून त्यांनी त्या मुलीला खाली आणलं. ती बातमी वाचली त्या दिवसापासून गच्चीवर जायचा मला कधी कंटाळा आलेला नाही.

भाचीचं शिक्षण झालं, ती आता दूरच्या शहरात असते. निरोप मात्र येतच राहतात, तिच्यामागून आलेल्या मुलांचे. ती मला काका म्हणतात. त्यांच्यासाठी मी अलास्कासारखा एक फोटो तयार करायला घेतलाय: पाऊस सरल्यानंतरच्या एका धुतलेल्या सकाळी गच्चीवरून चारी दिशांना काढलेला, प्रत्येक खुणेवर अंतर लिहिलेला. पारोळ्याच्या रस्त्याकडचे टॉवर मोजून झाले, पाण्याची टाकी झाली. पद्मालयाची टेकडी रस्त्यानं दहाएक किलोमीटर भरते, पण वैमानिकाला सरळ रेषेतलं अंतर लागतं. ते नकाशावरून काढायचं आहे, आणि उत्तरेची बाजू अजून पूर्ण बाकी आहे.