किल्ली

२६ जुलै २००५ चा तो मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे आम्हाला मागाहून वर्तमानपत्रातून कळले. आम्ही दोघे भाऊ तेव्हा भिवंडीत कापडाचे तागे पोहोचवून अब्बांच्या जुन्या डिझेल जीपने बाळकुमला परतत होतो. कशेळीचा पूल कसाबसा ओलांडला. पुढे गाड्यांची रांग हलेना. घरी अम्मी काळजीत असेल, या घाईने आम्ही डांबरी रस्ता सोडला आणि खाडीच्या अंगाच्या कच्च्या वाटेने जीप घातली. वाट ओळखीची होती, पण पाण्याखाली गेलेली. एका खळग्यात पाणी बॉनेटला लागले आणि इंजिन बंद पडले. जीप तिथेच सोडून, एकमेकांचे हात धरून आम्ही घर गाठले.

पाणी ओसरल्यावर अब्बा आमच्याबरोबर आले. जीपभोवती एक फेरी मारून म्हणाले, "किल्लीला हात लावू नका. मी उस्तादला घेऊन येतो."

एवढेच ऐकायचे होते. पण त्या जीपवर आमच्या घरची चूल पेटत होती. ती चालू होते की नाही, हे पाहिल्याशिवाय आम्हाला राहवेना. अब्बा नजरेआड झाले आणि किल्ली फिरली. इंजिनाने दोन आचके दिले, आता धरेल असे वाटले, आणि आतून घणाचा घाव बसावा तसा आवाज आला. मग सारे शांत.

उस्तादने ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते. त्याने नोझल काढले, हाताने क्रँक फिरवायला घेतला. भोकांतून पाण्याची पिचकारी उडाली. एका ठिकाणी मात्र क्रँक अडला. कनेक्टिंग रॉड वाकला होता.

"हवा दबते, पाणी दबत नाही," उस्ताद म्हणाला. "पिस्टन वर आला, पाण्याला जागा नाही, मग रॉडच वाकणार. हळू चालताना बंद पडलेले इंजिन बहुधा वाचते. नोझल काढून पाणी उडवायचे, एअर फिल्टर साफ करायचा, ऑइल दोन-तीनदा बदलायचे. चालू कोणी केली?"

आम्ही खाली पाहिले.

काही दिवसांनी विम्याचा सर्व्हेअर आला. पुराने झालेले नुकसान विम्यात बसत होते. पाणी शिरल्यावर जबरदस्तीने इंजिन फिरवून झालेले बसत नव्हते. त्याने एकच प्रश्न विचारला, "बंद पडल्यावर चालू करून पाहिली होती का?"

'नाही' हा शब्द आमच्या ओठांवर तयार होता. उस्ताद गप्प होता. तो काही बोलणारा नव्हता. अब्बा म्हणाले, "हो साहेब, आम्ही किल्ली फिरवली."

इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत. उधारी फिटायला चौदा महिने लागले आणि तोवर अब्बा दुसऱ्याचा टेम्पो चालवीत राहिले. अम्मी एकदाच बोलली, "खोटे बोलला असतात तर काय बिघडले असते?" अब्बा म्हणाले, "एक इंजिन बिघडलेय तेवढे पुरे. पोरे ऐकत होती."

आता त्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत. पाऊस जोराचा झाला की कोणाची ना कोणाची गाडी पाण्यात अडकते. आम्ही धावत जातो. आधी किल्ली काढून घेतो, मग बॅटरीची वायर सोडवतो आणि गिअर न्यूट्रलला टाकून गाडी ढकलत कोरड्या जागी नेतो. लोक विचारतात, एवढे कुठे शिकलात? आम्ही जीपची गोष्ट सांगतो.

आम्हा दोघांपैकी किल्ली कोणाच्या हातात होती, हे अब्बांनी कधी विचारले नाही. सर्व्हेअरला ते 'आम्ही' म्हणाले, तेव्हा स्वतःलाही त्यांनी त्यात धरले होते. म्हणून आम्हीही ती गोष्ट सांगताना 'आम्ही'च म्हणतो.