जरीमरीच्या चढावरून विमानांचा हिशेब

कुर्ला पश्चिमेला अंधेरी-कुर्ला रस्त्याने साकीनाक्याकडे निघाले की डाव्या हाताला जरीमरीची वस्ती लागते. जरीमरी आईच्या देवळावरून या भागाला हे नाव पडले. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचे पूर्वेकडचे टोक या वस्तीला अगदी लागून आहे. घाटकोपरच्या बाजूने खाली उतरत येणारी विमाने येथे इतकी जवळ येतात की, पोटाखालची चाके उघड्या डोळ्यांनी मोजता यावीत. वस्तीतील बाया वाळत घातलेल्या कपड्यांकडे जितक्या सहजपणे पाहतात, तितक्याच सहजपणे त्या विमानाकडे पाहतात. बोलता बोलता विमान आले की बोलणे अर्ध्यावर थांबते. विमान गेले की त्याच शब्दापासून पुन्हा सुरू होते.

मात्र १२ जून २०२५ नंतर काही दिवस तसे राहिले नाही. त्या दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोईंग ७८७-८ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण गेले, आणि ज्या वस्तीवर ते पडले तेथीलही माणसे गेली. त्या आठवड्यात जरीमरीत विमानाचा आवाज आला की लहानथोर सगळ्यांच्या माना वर होत. छपराला लागून विमाने जातात त्या घरांतील माणसांना ही बातमी दूरची वाटणे शक्यच नव्हते.

या चढावरच्या एका गच्चीतून माझा भाचा विमाने पाहतो. कॉलेजात शिकणारा मुलगा. त्याच्याकडे एक जुनी दुर्बीण आहे, मोबाइलवर विमानाचा माग दाखवणारे ॲप आहे आणि एक वही आहे. वहीची सवय माझी. आम्ही बी. कॉम. झालेली, कारकुनीत केस पांढरे केलेली माणसे. जे दिसते ते तारीखवार लिहून ठेवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. गेली दोन वर्षे आम्ही मामा-भाचे एकच गोष्ट टिपतो आहोत : एअर इंडियाच्या कोणत्या विमानात आतील आसने बदलली, कोणत्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी नावाचा नवा वर्ग आला आणि त्यापायी कोणत्या फेऱ्या वाढल्या वा कमी झाल्या.

वाचकांपैकी अनेकांना प्रश्न पडेल की, आपल्याला याचे काय? आपण तर विदर्भ एक्स्प्रेसने जाणारे! पण आज आपल्याही घरांतून मुले-मुली लंडनला, दुबईला, अमेरिकेला शिकायला आणि नोकरीला जात आहेत. त्यांच्या मागोमाग म्हातारे आईबाप उतारवयात पहिल्यांदा विमानात बसत आहेत. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे तिकिटावर जातात. त्या पैशाच्या बदल्यात नेमके काय मिळते, हे कळायला हवे.

मधला वर्ग

आपल्या रेल्वेचाच दाखला घेऊ. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला. १९९३ मध्ये वातानुकूलित थ्री-टियर डबा आला. स्लीपरपेक्षा महाग, टू-टियरपेक्षा स्वस्त. २०२१ मध्ये त्याच्याही खालची थ्री-टियर इकॉनॉमीची पायरी निघाली. पायऱ्या वाढल्या, पण गाडीची लांबी काही वाढत नाही. एक डबा नव्या वर्गाचा लागला की दुसरा कोणता तरी कमी होतो. साधा स्लीपर कमी झाला की कोणाला उभ्याने जावे लागते, हे आपल्याला सांगायला नको.

विमानातील प्रीमियम इकॉनॉमी ही तशीच मधली पायरी आहे. पाय पसरायला थोडी जास्त जागा, थोडे रुंद आसन, थोडे बरे जेवण. भारतात ही सोय प्रथम विस्तारा कंपनीने ९ जानेवारी २०१५ रोजी दिल्ली-मुंबई उड्डाणापासून दिली. एअर इंडियात ती मे २०२३ पासून आली. अमेरिकेतील डेल्टा कंपनीने पूर्वी वापरलेली बोईंग ७७७ विमाने भाड्याने घेतली होती, त्यांत या वर्गाची ४८ आसने होती, आणि मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या फेऱ्यांवर ती लागली. जानेवारी २०२४ मध्ये नवे एअरबस ए-३५० आले. त्यात बिझनेस २८, प्रीमियम इकॉनॉमी २४ आणि इकॉनॉमी २६४ अशी ३१६ आसने. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिची मधल्या वर्गाची विमानेही याच ताफ्यात आली.

राहिली ती एअर इंडियाची स्वतःची जुनी विमाने. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी सरकारकडून टाटांकडे गेली, तेव्हा या विमानांतील तुटके हात, बंद पडलेले पडदे आणि विटलेल्या गाद्या हा प्रवाशांच्या चेष्टेचा विषय झाला होता. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने मोठ्या विमानांचे अंतरंग पूर्ण बदलण्यासाठी ४० कोटी डॉलर खर्चाची योजना जाहीर केली.

वहीतील जमा-नावे

आता हिशेब पाहू. छोट्या विमानांचे, म्हणजे ए-३२० निओचे काम सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. व्हीटी-ईएक्सएन हे पहिले विमान. अशी एकूण २७ विमाने होती. आधी त्यात बिझनेस १२ आणि इकॉनॉमी १५० अशी १६२ आसने होती. नंतर बिझनेस ८, प्रीमियम इकॉनॉमी २४ आणि इकॉनॉमी १३२ अशी १६४ झाली. म्हणजे एकूण आसने दोनने वाढली, पण साध्या वर्गाची १८ कमी झाली.

मोठ्या ७८७-८ विमानांचा हिशेब आणखी बोलका आहे. आधी बिझनेस १८ व इकॉनॉमी २३८, एकूण २५६. बदलानंतर बिझनेस २०, प्रीमियम इकॉनॉमी २५ व इकॉनॉमी २०५, एकूण २५०. प्रत्येक विमानामागे साध्या वर्गाची ३३ आसने गेली. अशी २६ विमाने आहेत. ३३ गुणिले २६ म्हणजे ८५८. ही आसने कोणी चोरली नाहीत. ती अधिक दराने विकता येतील अशा जागेत बदलली गेली. व्यापारी कंपनीने असे करू नये, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण जाहिरातीत नव्या २५ आसनांचे चित्र असते, गेलेल्या ३३ आसनांचे नसते. हिशेबनिसाने दोन्ही बाजू लिहायच्या असतात, म्हणून येथे लिहिल्या.

विमान गेले कोठे?

आसन बदलणे म्हणजे घरातील सोफा बदलणे नव्हे. विमानाचे आसन जमिनीतील रुळांना घट्ट बसवलेले असते. जोराच्या धक्क्यात ते उखडू नये म्हणून माणसाच्या वजनाच्या सोळापट जोर लावून त्याची चाचणी घेतात. गादीने लवकर पेट घेऊ नये याची वेगळी कसोटी असते. या मंजुऱ्या आणि आसनांचा पुरवठा जगभर रखडला, म्हणून मोठ्या विमानांचे काम लांबले. अखेर जुलै २०२५ मध्ये पहिले ७८७-८ अमेरिकेत कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे बोईंगच्या केंद्रात गेले.

विमान हँगरमध्ये उभे राहिले की आकाशातील एक फेरी अडते. त्यातच २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली. युरोप-अमेरिकेच्या फेऱ्यांना वळसा पडला, वेळ व इंधन वाढले. जूनमधील अपघातानंतर कंपनीने मोठ्या विमानांच्या परदेशी फेऱ्या सुमारे १५ टक्क्यांनी कमी केल्या आणि पुढे टप्प्याटप्प्याने पूर्ववत केल्या. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन ही थेट फेरी बंद केली. तेव्हा कंपनीने स्वतःच दोन कारणे दिली : ७८७-८ विमाने दुरुस्तीसाठी जाणार असल्याने पडणारा तुटवडा आणि बंद हवाई हद्द.

याखेरीज विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतेच. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागू होते. या दोन तारखांच्या अलीकडे तिकीट काढून पलीकडचा प्रवास करणाऱ्याने वेळ व विमान पुन्हा तपासलेच पाहिजे.

आबा आणि काकूंचे तिकीट

आमच्या चाळीतील आबा महानगरपालिकेतून निवृत्त झाले. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. लेक परदेशात नर्स. तिचे बाळंतपण जवळ आले, तेव्हा आबा तिकिटाचा कागद घेऊन माझ्याकडे आले.

"मास्तर, हिच्या पायांसाठी मधल्या वर्गाचं काढलंय. पोरीनं निम्मे पैसे घातले. पण त्या दिवशी जुनंच विमान आलं तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी मास्तर नाही, पण चाळीत सगळे तसेच म्हणतात. मी त्यांना बसच्या उदाहरणाने समजावले. बेस्टच्या बसचा नंबर हा मार्गाचा असतो, गाडीचा नसतो. आज त्या नंबरावर नवी गाडी येईल, उद्या जुनी. तसेच उड्डाण क्रमांक हा मार्गाचा आणि वेळेचा, विमानाचा नव्हे. विमानाचा स्वतःचा क्रमांक शेपटीकडे रंगवलेला असतो. आपल्या देशातील विमानांचा तो व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो. व्हीटी-एएन ही मालिका जुन्या ७८७-८ विमानांची, व्हीटी-टीएस ही विस्ताराकडून आलेल्या ७८७-९ ची. दुसऱ्या मालिकेत मधला वर्ग पहिल्यापासून आहे. पहिलीत तो काम झालेल्या विमानातच मिळेल.

मग भाच्याने आणि मी दर रविवारी आबांच्या उड्डाणाचा आसनांचा नकाशा मोबाइलवर उघडून पाहायचे ठरवले. नकाशात तीन वर्ग दिसतात की दोन, मधल्या वर्गाच्या रांगा तेवढ्याच आहेत का, हे पाहायचे आणि वहीत लिहायचे. काकू दर रविवारी चहा घेऊन येत व विचारत, "हाय ना रं बाबा माझी खुर्ची?" भाचा म्हणे, "आहे काकू, खिडकीजवळची आहे."

आबांना एक नियमही लिहून दिला. वाचकांनीही तो कापून जपून ठेवावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. प्रवाशाने ज्या वर्गाचे तिकीट काढले, त्याहून खालच्या वर्गात त्याला इच्छेविरुद्ध बसवले, तर पैसे परत द्यावे लागतात. त्याचे कारण विमान बदलले हे असले तरीही. देशातील प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के. परदेशी प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. काउंटरवर हात जोडून विनंती करण्याची ही बाब नाही. ही मागण्याची बाब आहे. मात्र तिकिटाची प्रत, बोर्डिंग पास आणि बदल झाल्याचे लेखी वा संदेशातील कारण जवळ हवे.

ठरल्या दिवशी विमान तीन वर्गांचेच आले. काकूंनी पोहोचल्यावर फोन केला तो नातीबद्दल बोलायला. खुर्चीचा विषय निघालाच नाही. सोय पुरेशी असली की तिची आठवण राहत नाही.

नागपूरच्या कुंपणाबाहेर

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त नागपूरला गेलो, तेव्हा मुद्दाम वर्धा रोडने मिहानच्या बाजूला जाऊन आलो. सोनेगावच्या त्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. त्याला लागूनच विमान दुरुस्तीचे मोठे केंद्र आहे. एअर इंडियाने २००६ मध्ये बोईंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली, त्या व्यवहाराच्या बदल्यात बोईंगने ते सुमारे ५० एकरांवर उभारून दिले. २०१५ पासून येथे बोईंग ७७७ सारख्या मोठ्या विमानांची तपासणी-दुरुस्ती होऊ लागली. एअर इंडिया टाटांकडे गेली तरी ते चालवणारी अभियांत्रिकी कंपनी सरकारकडे राहिली.

आत जाण्याची परवानगी नव्हती. रस्त्यावरून हँगरची उंच छपरे दिसत होती आणि फाटकातून सायकली-मोटारसायकलींवर पाळी संपवून निघालेली पोरे. त्यांच्यातल्या एकाने चहाच्या टपरीवर सांगितले की, विमान आत आले की आधी त्याच्या पोटातील सगळे बाहेर काढतात, मग एकेक तपासून परत बसवतात. "पान्यावर नंबर असतो साहेब. संध्याकाळी एक पाना कमी भरला तर विमान हलत नाही." हिशेबाची ही रीत मला फार आवडली.

मनात विचार आला की, ज्या वस्त्यांवरून ही विमाने जातात, तेथील आपली माणसे विमानतळावर आजही बहुतेक झाडूला, सामान उचलायला आणि शौचालय साफ करायला दिसतात. ते काम कमी प्रतीचे नाही, पण तेवढेच का? बारावीला भौतिक, रसायन व गणित घेतलेला मुलगा वा मुलगी विमान देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम करू शकते. महासंचालनालयाची परीक्षा व ठरलेला अनुभव पूर्ण झाला की परवाना मिळतो. त्या परवान्याच्या सहीशिवाय दुरुस्त झालेले विमान उडत नाही. फी मोठी आहे, मान्य. म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेला मान्यता आहे की नाही, हे पाहावे आणि शिष्यवृत्तीची चौकशी बारावीच्या निकालाची वाट न पाहता करावी. आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत यंदा या माहितीचा फलक लावला आहे. पहिल्याच आठवड्यात तो उतरवून घ्यायला पाच मुले आणि तीन मुली आल्या. त्यांतल्या एकीचे घर जरीमरीच्या त्याच चढावर आहे.