घरातली दुसरी गोळी

रक्तदाबाची, मधुमेहाची, झोपेची अशा गोळ्यांची चर्चा माझ्या दवाखान्यात दिवसभर चालते. अलीकडे काही घरांत आणखी एक गोळी वस्तीला आली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले. अशा यशाने प्रेरित झालेली नातवंडे नेमबाजी शिकू लागली, की त्यांची ने-आण बहुधा आजी-आजोबांकडे येते.

माझे एक सत्तरी ओलांडलेले रुग्ण त्याहून पुढे गेले आहेत. नातीच्या एअर रायफलचे छर्रे ते रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मांडतात आणि भिंगातून पाहून निवडतात. हे काम त्यांना मनापासून आवडते; घरात आपला उपयोग आहे, ही भावना कोणत्याही टॉनिकपेक्षा मोलाची असते. म्हणूनच ते बंद करण्याचा सल्ला मी दिला नाही. फक्त टेबल बदलायला सांगितले, कारण त्याच टेबलावर चहा होत होता आणि खाली दीड वर्षाचा नातू रांगत होता.

प्रथम निवडीविषयी. दहा मीटर एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, सपाट तोंडाचा आणि साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा असतो; लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. त्यामुळे छर्‍याची मागची पातळ कड किंचित चेपली तरी नेम ढळू शकतो. ५० मीटरसाठी पॉइंट टू-टू काडतुसे लागतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटची काडतुसे एकाच नळीतून वेगवेगळी वागतात. म्हणून जाणते नेमबाज रायफल शिकंज्यात पक्की बसवून निरनिराळे लॉट झाडून पाहतात आणि ज्याची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात, तो लॉट हंगामापुरता घेऊन ठेवतात. महाग तेच उत्तम, असे नाही. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, हे आपण जाणताच.

जपणूकही औषधासारखीच. मूळ डबी आणि तिच्यावरील लॉट क्रमांक टाकू नये. जागा कोरडी व थंड असावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत डबी ठेवू नये. काडतुसाच्या गोळीवरील मेणचट थर पुसू नये, त्याला धूळ लागू देऊ नये आणि काडतुसांवर तेल फवारू नये. दमटपणामुळे छर्‍यांवर पांढरी भुकटी धरली असेल, तर ते वापरू नयेत. ती भुकटी शिशाचीच असते.

आता माझ्या विषयाकडे येतो. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी मात्रा ज्ञात नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक ठरते. प्रौढांमध्ये रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडांना इजा करते. ते हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली, की पुन्हा रक्तात उतरू शकते. बोटांवरून ते तोंडात जाते; काडतुसे झाडताना धुरावाटे श्वासातही शिरते. म्हणून छर्रे निवडण्यासाठी वेगळा ट्रे ठेवा आणि खाणेपिणे दूर ठेवा. छर्रा कधीही दातांत धरू नये. नंतर हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने शिसे निघत नाही. ती जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. रेंजवरचे कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल आणि शंका वाटली, तर रक्तातील शिशाची तपासणी करता येते.

शेवटची गोष्ट कुलपाची. काडतुसांना परवाना लागतो. ती परवानाधारकाच्याच ताब्यात, रायफलीपासून वेगळी, कुलपात असावीत. छर्‍यांना नसला, तरी एअर रायफलला हाच नियम लावा. घरात स्मृतिभ्रंश झालेले किंवा निराशेने ग्रासलेले कोणी असेल, तर त्या किल्लीची जागा त्यांना ठाऊक नसावी. हे बोलणे अवघड असते, तरी घरातल्या कोणीतरी आजच ते बोलून घ्यावे. झोपेच्या गोळ्यांच्या कपाटालाही तेच कुलूप लावा.