धान्याच्या कोठारातला रिश्टर

पुण्यातल्या एका मित्राकडे सोव्हिएत पियानोवादक स्वियातोस्लाव रिश्टरची शुबर्टची रेकॉर्ड ऐकत होतो. “हा बाबा फ्रान्समध्ये मुद्दाम धान्याच्या कोठारात जाऊन वाजवायचा,” तो सहज बोलून गेला आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

त्या भुंग्यापायी फ्रान्स गाठलं. लुआर नदीकाठचे राजवाडे बसच्या खिडकीतूनच उरकले. तूर शहराच्या स्टेशनजवळच्या लॉजमध्ये बॅग डोक्यावर घेऊन जिना चढावा लागला. भाडं मात्र राजवाड्याचं! सकाळी टॅक्सीने मेस्लेतलं ते कोठार गाठलं.

मार्मूतिएच्या मठाने 1220च्या सुमारास बांधलेलं हे दगडी कोठार सुमारे 60 मीटर लांब आहे. शंभर वर्षांच्या युद्धात ते जळलं, म्हणून आतला ओकचा सांगाडा 15व्या शतकातला. खांबावरून हात फिरवला की तासल्याच्या खुणा अजून बोटांना लागतात.

रिश्टर 1915चा. वाढला ओडेसात. वडील जर्मन वंशाचे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. रीतसर शिकवणी जवळजवळ नाहीच. ऑपेराच्या तालमींना साथ करता करता हात तयार झाला. 1937मध्ये मॉस्कोला नॉयहाउस या पियानोगुरूकडे गेला. राजकीय विषय टाळले म्हणून कॉन्झर्व्हेटरीने काढलं, गुरूने परत आणलं. गुरूच्या घरी पियानोखालीच पथारी. 1941मध्ये वडिलांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. आई माघार घेणाऱ्या जर्मनांबरोबर निघून गेली. त्याच राजवटीने त्याला स्टालिन पारितोषिक दिलं, स्टालिनच्या अंत्यविधीत वाजवायला बसवलं. अमेरिकेला जाऊ मात्र थेट 1960मध्ये दिलं. तिथे आई भेटली, 19 वर्षांनी.

इथला संगीत महोत्सव त्याने 1964मध्ये सुरू केला. कोठारात भेटलेले एक निवृत्त इतिहासशिक्षक मोडक्या इंग्रजीत ठासून म्हणाले, “सरकारची नजर नसलेली जागा त्याला हवी होती.” मला हे काही पटेना. नजर चुकवणारा माणूस 1986मध्ये मोटारीने सैबेरिया ओलांडत, लहानसहान गावांत वाजवत कशाला फिरेल? मोठ्या सभागृहांचा थाटमाट त्याला नकोसा होता, एवढंच. म्हातारपणी तर अंधाऱ्या मंचावर फक्त स्वरलिपीपुरता दिवा ठेवून वाजवायचा.

“मग गावोगावी कोठारं पडलीत, हेच का?” गुरुजींनी पेचात पकडलं.

मी लाकडाच्या नादाकडे वळलो. त्यांनी छताकडे बोट दाखवून तोही मुद्दा खोडायला सुरुवात केली. शेनोंसोच्या राजवाड्याची बस दोनची होती. साडेतीनलाही आमचं भांडण संपलं नव्हतं.