साताऱ्याहून सांगलीला : अक्काच्या नव्या सोप्याची हकिकत

सात नोव्हेंबरला आम्ही साताऱ्यात विद्यार्थी दिन साजरा केला. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव राजवाड्यावरच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. तिथल्या रजिस्टरात १९१४ व्या क्रमांकाला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासनानं हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून जाहीर केला. साताऱ्यातले कार्यकर्ते तो त्याच्या कितीतरी आधीपासून पाळत होते.

कार्यक्रम आटोपून, सतरंज्या झटकून घरी आलो तर सांगलीहून अक्काचा फोन. “सकाळच्या गाडीनं निघ. सोप्याचं काम अडलंय. पोरगी एक म्हणतीय, आत्या दुसरंच म्हणत्यात, आणि ह्यांनी तोंडाला कुलूप लावलंय.”

अक्काच्या घरी सोप्याची सजावट चालली होती. सोपा म्हणजे आपली पुढची खोली. भाची तिला हॉल म्हणते. त्यासाठी इंटिरियर डिझायनर लावल्याचंही कानावर आलं होतं. आमच्या घराण्यात आजवर गवंडी लागले, सुतार लागले, रंगारी लागले. डिझायनर हा पहिलाच. मी पतसंस्थेत कारकून. बीकॉम झालेल्या माणसाला शोभेच्या आधी बिल दिसतं, म्हणून हिशेबासाठीच बोलावलं असेल असं समजून रजा टाकली आणि माहुलीच्या स्टेशनावर पॅसेंजर पकडली.

कोरेगाव गेलं, रहिमतपूर गेलं. दोन्ही बाजूंना ऊस. मसूर जवळ आलं की मी नेहमी खिडकीशी सरकतो. १९०१ साली साताऱ्याहून निघालेले लहानगे भीमराव आणि घरातली मुलं याच स्टेशनावर उतरली होती. वडील नोकरीनिमित्त लांब होते, त्यांना भेटायला ती निघाली होती. प्रवासासाठी सगळ्यांना नवे कपडे शिवले होते, झगमगीत टोप्या होत्या, नवे जोडे होते, रेशीमकाठी धोतरं होती. पोशाखावरून स्टेशनमास्तरला ती बड्या घरची वाटली. त्यानं आपुलकीनं चौकशी केली, कोण तुम्ही म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटला. कोणी गाडीवाला त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, या बोलीवर एकजण तयार झाला. ती रात्र मुलांनी पाण्यावाचून काढली. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

वाचकहो, घरसजावटीच्या लेखात ही गोष्ट कुठून आली असं वाटेल. पण आपल्या माणसांना टापटिपीची एवढी ओढ का, हे ज्याला समजत नाही त्यानं मसूरच्या फलाटावर दहा मिनिटं उभं राहावं. आमची आई शाळेचे गुरुजी येणार म्हटलं की पहाटे उठून सोपा सारवायची, भांड्यांची उतरंड राखेनं घासून लख्ख करायची. ती हौस तर होतीच, पण नुसती हौस नव्हती. बाबासाहेबांनाही उत्तम सूट, उत्तम पेन, नीट मांडलेलं घर आवडे. साधेपणाच्या नावाखाली गबाळं राहावं, असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

कराडला मुद्दाम उतरलो. संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळ होता. रिक्षा, मग पायी असं करत जखिणवाडीच्या बाजूनं आगाशिवचा डोंगर चढलो. इथं साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळ पाहून आलेला माणूस इथं हिरमुसतो, कारण पाहायला काहीच नाही! नक्षी नाही, रंग नाही. चैत्यात मूर्ती नाही, दगडाचा साधा स्तूप आहे. भिक्खूंच्या खोल्या म्हणजे चार भिंती आणि भिंतीतूनच कोरलेला झोपायचा ओटा. बाहेर पाण्याचं टाकं. एका ओट्यावर मी पाठ टेकली. उन्हातून आलेल्या अंगाला तो गारवा फार बरा वाटला. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा पलंग, ना कुजला ना फुगला. हा विचार तेव्हा गमतीनं आला. सांगलीत तो कामाला आला.

कराडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. ओगले बंधूंनी १९१६ साली इथं काचेचा कारखाना काढला आणि पुढं इथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. आता तो कारखाना राहिला नाही. आमचे वडील त्याच कंदिलाखाली सातवीपर्यंत शिकले. काच राखेनं पुसायची, वात कात्रीनं सरळ कापायची, आणि काच तडकली की नवी येईपर्यंत अभ्यास बंद. पाठीवर वळ उठायचे ते निराळेच. गाडीची वाट बघत हे सगळं आठवत बसलो. पुढं किर्लोस्करवाडी अंधारातच गेली. १९१० साली माळावर वसवलेल्या या कारखान्यात नांगराबरोबर लोखंडी फर्निचरही होत असे. जुन्या कचेऱ्यांतून त्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत. बसायला टणक, पण मोडायचं नाव नाही.

सांगलीत पोहोचलो तेव्हा जेवणं खोळंबली होती. सोप्यात पाऊल टाकलं आणि समोर ओगल्यांचा कंदील! छताला पितळी साखळीनं टांगलेला, आत विजेचा पिवळा दिवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिझायनर आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, चुणचुणीत, सांगलीचीच पोरगी. मला काका म्हणाली, पाया पडायला वाकली. माझा उगाच समज होता की हे लोक गिऱ्हाइकाला भुलवतात. हिनं आधी वही काढून खर्च दाखवला. मी म्हटलं, “बाई, सध्या चालतंय तरी काय? एकदा नीट सांग.” ती खुलली. पांढरं-चकचकीत मागं पडलं म्हणाली. आता भिंतीला मातीचा, विटकरी, शेवाळी रंग. छताला पीओपीचे फुलोरे कुणी करत नाही, सपाट ठेवायचं आणि उजेड मंद, पिवळसर. कपाटाच्या दाराला वेताची जाळी. सामान सगळं लपलेलं, एक वस्तू बाहेर दिसता कामा नये. आणि तिची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे जुन्या वस्तू. कंदील, तांब्याचा हंडा, गोधडी, जातं. “घराला मुळं असल्यासारखं वाटतं काका.”

आत्या म्हणजे अक्काच्या सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. जत तालुक्यात माळवदाच्या घरात त्यांचा जन्म गेला. सोप्याच्या मधोमध त्यांचंच जातं मांडलं होतं, वर जाड काच बसवून. टीपॉय!

“पहाटं तीनला उठून दळलंय म्या ह्याच्यावर,” आत्या म्हणाल्या. “पोटाला धडुतं बांधून दळलंय. आता पाव्हण्यांनी त्येच्यावर कप ठेवायचं व्हय?”

डिझायनर गोरीमोरी झाली. “आजी, अडगळीत पडण्यापेक्षा...”

“अडगळीत कुणी टाक म्हणलं? पर त्येच्यावर काय ठिवू नगा.”

गंमत म्हणजे आत्यांनी शिवलेली वाकळ लाकडी चौकटीत ताणून भिंतीवर लावायची होती, त्याला मात्र त्यांची ना नव्हती. “हातचं काम हाय. दिसू द्या की.” मला वाटलं होतं त्या दोन्हींना नाही म्हणतील. कुठल्या आठवणीचं कौतुक व्हावं आणि कुठलीचं होऊ नये, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

खरा तिढा निराळाच होता. समोरच्या भिंतीपाशी, कुंड्यांच्या मधे, बुद्धांचं डोकं ठेवलं होतं. राखाडी रंगाचं, मानेपासून वरचं. आणि तिथं आजवर असलेला बाबासाहेबांचा फोटो नकाशात आतल्या खोलीत गेला होता. हा फोटो दाजींनी १९९१ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, चैत्यभूमीवरून आणलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्या वेळी दाजी एका हातात कागदांची फाईल आणि डोक्यावर हा फोटो घेऊन कमरेइतक्या पाण्यातून बाहेर पडले होते.

“हॉलमध्ये एकाच वस्तूवर नजर गेली पाहिजे,” डिझायनर म्हणाली. “बुद्धा सगळ्यांनाच आवडतो. माझ्या प्रत्येक साईटवर असतो.”

मी तिला सांगितलं की नुसतं डोकं ही काही मूर्तीची पद्धत नव्हे. आग्नेय आशियात जुन्या मूर्तींची डोकी तोडून परदेशी बाजारात विकली गेली आणि पुढं डोक्यांचीच फॅशन झाली. थायलंडमध्ये तर बुद्ध ही शोभेची वस्तू नाही, असे मोठाले फलक रस्त्यावर लावलेत. तिला हे नवं होतं. तिनं वहीत लिहून घेतलं. खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही.

पण फोटो आत नेण्याची सूचना तिची नव्हती. ती भाचीची होती. भाची पुण्यात नोकरी करते. घराच्या कर्जाचे निम्मे हप्ते तीच भरते. दुपारी गच्चीवर कपडे काढताना ती माझ्याशी बोलली.

“मामा, ऑफिसातली चार माणसं डिसेंबरात येणार आहेत. चांगली आहेत. पण प्रत्येक वेळी दारातच ओळख द्यायची का? बुद्ध बघून कुणी काही विचारत नाही. फोटो बघितला की बोलणं बदलतं. अगदी थोडं बदलतं, पण मला कळतं.”

मी मसूरची गोष्ट काढली. तिनं मला पुरती बोलू दिली नाही.

“मला ठाऊक आहे, मामा. म्हणूनच तर म्हणतेय.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सभेत अर्धा तास बोलणारा माणूस मी, चिमटे गोळा करत राहिलो.

संध्याकाळी दाजींनी तोंडाचं कुलूप काढलं. एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस, बोलणं कमी. त्यांनी टेप आणला आणि भिंतीवर पेन्सिलनं आडवी रेघ मारली. छातीच्या थोडी वर. “२०१९ चं पाणी इथं होतं. २०२१ ला पण आलं, थोडं कमी. ह्या रेघेच्या खाली प्लायवुड नको. माझी तेवढीच अट.” मग त्यांनी डिझायनरला फोनवर दाखवले ते त्या वेळचे फोटो: फुगलेलं शोकेस, न उघडणारं कपाट, रस्त्याच्या कडेला गाद्या आणि सोफ्यांचे ढीग. सांगलीत कितीएक गल्ल्यांनी ते ढीग पाहिले आहेत. पोरगी तेव्हा कॉलेजात होती, तिचंही घर पाण्यात होतं. “काका, हे आधी का नाही सांगितलंत?” “विचारलं न्हाईस.”

मग सगळा नकाशाच बदलला. मला आगाशिवचा ओटा आठवला, तो मी सांगून टाकला. सोफ्याऐवजी भिंतीला लागून विटांचा पक्का ओटा, वर कडाप्पा, त्यावर उचलता येतील अशा गाद्या. वेताची जाळी रेघेच्या वर. भिंतीत कडाप्पाच्या फळ्या, पुस्तकं सर्वांत वरती. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं, त्यात वरचा मजला ग्रंथालयाला दिला, हे मी बोलून गेलो तेव्हा डिझायनरनं विचारलं, “म्हणजे घर पुस्तकांच्या मापानं बांधलं?” तसंच म्हणायला हरकत नाही. हिशेब केला तर खर्च आठ हजारांनी कमीच झाला. तेवढं माझं काम झालं.

जातं काच काढून परड्यात गेलं, आत्या सकाळी चहा घेतात तिथं. डोकं डिझायनर परत घेऊन गेली. तिथं बसलेली पूर्ण मूर्ती आणायची की नाही, ते अक्का ठरवणार होती. फोटोबद्दल कुणी काही बोललं नाही. निघताना पाहिलं, रेघेच्या वर हातभर अंतरावर दाजींनी एक नवा खिळा मारून ठेवला होता. रिकामाच होता. भाची तिकडं पाठ करून लॅपटॉपवर काम करत होती.

तीन आठवड्यांनी अक्काचा फोन आला. ओटा झाला, रंग झाला, विटकरीच घेतला, बरा दिसतोय. मी भीतभीत विचारलं, “आणि फोटो?”

“लागला की. पाव्हणं यायच्या आदल्या रात्री.”

“दाजींनी लावला?”

“हे वर चढले. स्टूल तिनं धरलं.” अक्का जरा थांबली. “आणि ऐक. आत्या म्हणत्यात, पुरात लाईट जातीया, तर कंदिलात बल्ब कशाला, खरी वात घाला. वात मिळाली, काच कुठं मिळंना. तू कराडवरनं येतोस-जातोस, बाजारात तेवढी बघ.”