पान नंबर सांगून विचारा

बारामती-इंदापूरकडे लग्नाच्या पंगतीतही दोनच विषय निघतात. एक नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन, दुसरा उसाचा दर. माळेगाव कारखान्यानं किती दिला, सोमेश्वरनं किती, मग भवानीनगरचं काय? एवढं तावातावानं बोलणारे आम्ही, पण कारखान्याचा वार्षिक अहवाल घरी आला की त्याची पानं पोरांच्या वह्यांना कव्हर म्हणून जायची.

आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो, त्याच्या सभेत मी एकदा दराबद्दल बोलायला उठलो. आवाज चढला, टाळ्याही पडल्या. अध्यक्षांनी 'भावनांची नोंद घेतली' म्हणत पुढचा विषय पुकारला आणि मांडवभर 'मंजूर, मंजूर' झालं. शेजारी बसलेले निवृत्त गुरुजी हळूच म्हणाले, "भाषण झालं. प्रश्न कुठाय? पान नंबर सांगून विचारावं."

पुढच्या अहवालाच्या वेळी मी बारामतीला त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. ताळेबंद, लेखापरीक्षकांचे शेरे, तोडणी-वाहतुकीचा खर्च, सगळं त्यांनी लाल पेन्सिलीनं खुणा करत माझ्याकडूनच वाचून घेतलं. 2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्यावर एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, टनाला 3400 रुपये होती. त्यापुढे उतारा 0.1 टक्क्यानं वाढला की 33 रुपये 20 पैसे जास्त. बी हेवी मळीपासून इथेनॉल केलं की साखर कमी निघते आणि कागदावर उतारा पडतो. एफआरपी काढताना ही घट परत मिळवायची असते. तेवढ्यासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र लागतं. गुरुजींनी विचारलं, "मग आपल्या अहवालातला उतारा घट धरून आहे की न धरता?" दोघांनी पानं उलटली. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

सभेत मी तेवढंच विचारलं, पान नंबर सांगून. अध्यक्षांनी कार्यकारी संचालकांकडे पाहिलं, त्यांनी चीफ केमिस्टकडे. मागून कुणीतरी "बसा खाली" ओरडलं, तर अध्यक्षच म्हणाले, "थांबा, हे मलाही समजून घ्यायचंय." फाईल मांडवात आली. त्यानंतरच्या अहवालात दोन्ही उतारे वेगवेगळ्या रकान्यांत छापून आले. मला विचाराल तर अध्यक्षांची मान त्या दिवशी खाली गेली नाही, उंचावलीच. तरी काही दिवस लोक मला विरोधी गटाचा समजत होते. आमच्याकडे प्रश्न विचारला की आधी पॅनेल शोधतात!

पुढे गावच्या विकास सोसायटीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. पहिल्याच मासिक बैठकीत सचिवांना विचारलं, "संचालकांपैकी थकबाकीदार कोण?" थकबाकीदाराला संचालक राहता येत नाही, हे सहकार कायद्यात आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. सचिव चष्मा पुसत बसले. यादीत माझा चुलतभाऊ होता. तो तिथंच म्हणाला, "दादा, हे घरी विचारायचं होतं." मी म्हटलं, "घरी विचारलं असतं तर घरातच राहिलं असतं." त्यानं मार्चअखेर भरणा केला. घरी मात्र काकूंनी बरेच दिवस माझ्याशी तोंडदेखलंच बोलणं ठेवलं. जिल्हा बँकेच्या वसुलीपेक्षा हे जड गेलं, पण नंतर बाकीच्या सभासदांकडे वसुलीला गेलो तेव्हा "आधी तुमच्या घरचं बघा" म्हणायला कुणाला तोंड राहिलं नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी नोटिशीतच छापलं होतं: प्रश्न पान नंबरसह विचारावेत. बायकांच्या बाजूनं लासुर्ण्याकडून आमच्या गावात सून म्हणून आलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. अहवाल त्यांच्या हातात उघडा होता. "पान आठ. सभासद यादीत आमच्या मालकांचं नाव आहे. त्यांना जाऊन दोन हंगाम झाले, सातबारा माझ्या नावावर झाला. मग सोसायटीत सभासद ते की मी? आणि अशी मयत नावं एकूण किती?"

मी सचिवांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. "आकडा आत्ता नाही," मी म्हणालो, "प्रश्न आहे तसा इतिवृत्तात लिहून घ्या."

"तारीख पण लिहा," बाई म्हणाल्या, "उत्तर कधी देणार ती."

सचिवांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तारीख सांगितली.